पान चारवरची आत्या

४ जानेवारी

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण दुकानात वाफेची इस्त्री चालू असली की मला तुझं ऐकू येत नाही, आणि बंद असली की गिऱ्हाइकांना माझं सगळं ऐकू येतं. म्हणून पत्र. बसून वाच, उभ्याने वाचलंस तर पडशील.

मी नगरसेवकपदाला उभी राहिले आहे. आपल्याच प्रभागातून, आपल्या नगरसेवक भाऊंच्या विरोधात.

हसून झालं असेल तर कारण ऐक. बाजारात बायकांसाठी एकच शौचालय होतं. ते भाऊंनी 'दुरुस्तीसाठी' बंद केलं. दुरुस्ती अशी झक्क झाली की आता तिथे त्यांच्या जावयाचं मोबाइलचं दुकान आहे. मग बाजारहाटाला आलेल्या बायकांनी जायचं कुठे? माझ्याकडे. माझ्या धुलाईच्या दुकानामागे संडास आहे, हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक झालंय. पण तोंडाने सरळ विचारायचं कसं? म्हणून प्रत्येक जणी इस्त्रीला एक रुमाल घेऊन येते. ढीगभर रुमाल येतात रे रोज, आणि एकालाही सुरकुती नसते. परवा एक म्हातारी रुमाल विसरली, तर तिने पायातला मोजा काढून दिला. मी तोही इस्त्री केला. काय करणार?

भाऊंकडे तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे सोय आहे ना? मग झालं तर!" तिथून निघाले ती थेट अर्ज भरायला गेले.

तू एवढ्या मोठ्या पेपरात आहेस. आमच्याबद्दल चार ओळी येऊ देत. जास्त नकोत, लोक म्हणतील भाच्याने केलं.

तुझी,
आत्या


९ जानेवारी

प्रिय आत्यास,
साष्टांग नमस्कार.

बसून वाचलं तरी पडलोच. आधी अभिमान वाटला, मग घाम फुटला.

आत्या, माझ्या हातात काही नाही गं. मी नुसता पान लावणारा. बातमी एक जण लिहितो, मथळा दुसरा देतो, फोटो तिसरा काढतो. ते सगळं किती मोठं करायचं, वर घ्यायचं की खाली, कुणाच्या शेजारी बसवायचं, हे संगणकावर जुळवून देणं एवढंच माझं काम. नव्या घरात कपाट कुठे ठेवू, असं मालकिणीला विचारणाऱ्या हमालासारखं समज. त्यात माझ्याकडे क्रीडा पान आहे. तुमच्या गावचं पान चार दुसराच कुणीतरी लावतो.

एक सांगून ठेवतो. आमचे मालक आणि तुमचे भाऊ दर रविवारी पत्ते खेळतात. तेव्हा मोठ्या आशेने पेपर उघडू नकोस.

बाळ बरी आहे. तुझ्यासारखीच रडते, म्हणजे समोरच्याला रडू येईपर्यंत.

तुझा,
ढब्बू


१७ जानेवारी

चि. ढब्बू,

बातमी आली. वाचायला चष्मा लागला आणि शोधायला शेजारचा न्हावी.

पान चार, तळाशी, उजवा कोपरा, 'निधनवार्ता' या पट्टीच्या बरोबर खाली. फोटोसकट. सकाळपासून दोघी समाचाराला येऊन गेल्या. एक तर फुलं घेऊन आली होती. मला काउंटरमागे धडधाकट बघून तिने रडं आवरलं, पण फुलं परत नेली. तिची तरी काय चूक? फोटोत माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं. शेजारी उंदीर मारायच्या औषधाची जाहिरात. कुणाला वाटेल, मी तेच खाल्लं.

मथळा काय, तर 'इस्त्रीवालीही रिंगणात'. तो 'ही' बघ रे. जशी काही मी, चांभार, पाववाला आणि नाक्यावरची तीन कुत्री अशी अर्ज भरायला रांग लागली होती!

आता त्याच पानावर वर नजर टाक. भाऊ चार कॉलम. 'विकासाचा ध्यास, जनतेचा विश्वास'. फोटो काढणारा बहुधा गटारात उतरला असावा, कारण भाऊंच्या हनुवटीमागे नुसतं आभाळ दिसतंय. प्रत्यक्षात भाऊ जेमतेम माझ्या कानापर्यंत येतात.

आणि शब्द. भाऊ 'म्हणाले', भाऊंनी 'स्पष्ट केले', भाऊंनी 'ग्वाही दिली'. मी काय केलं? 'आरोप केला', 'दावा केला' आणि शेवटच्या ओळीत 'आगपाखड केली'. आगपाखड! तुमचा बातमीदार आला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि बोलता बोलता त्याच्या कोटाचं बटण लावून दिलं. हिला आगपाखड म्हणत असतील तर त्याची बायको घरात काय करते?

एक काम कर. हे पान लावणारा जो कुणी दिवटा आहे, त्याला शोधून काढ. त्याचा सदरा एकदा माझ्याकडे धुवायला येऊ दे. कॉलरला अशी खळ घालते की महिनाभर मान वळणार नाही.

तुझी (अजून हयात),
आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र वाचून हसलो आणि मग हसू गिळलं.

त्या माणसावर इतकी चिडू नकोस. मी त्याला थोडा ओळखतो. वाईट नाही तो. त्याच्यापुढे तुझे नऊ फोटो होते. आठ छान होते, एकात तर तू अगदी बाबांसारखी हसत होतीस. वृत्तसंपादक मागून आले, त्यांनी नवव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा घे. जिवंत वाटतो." हा कसला जिवंत, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी लहान मूल असलं की ओठांवरचं पुष्कळ काही परत आत जातं. निधनवार्तेखालची जागाही त्याने निवडली नव्हती. तेवढंच भोक उरलं होतं, तिथे तुला बसवलं.

'ही' मात्र त्याचा नाही. तो वरून आला.

झालं ते जाऊ दे. पुढच्या वेळी एवढं सांभाळ. कॅमेरा दिसला की खाऊ नकोस, वाकू नकोस, जिना चढू नकोस, शिंक आली तर गिळून टाक. भांडण असेल तर ओठ मिटून भांड. आणि मुख्य म्हणजे एकटी उभी राहू नकोस. एकट्या माणसाला पानावरून उचलून टाकणं फार सोपं असतं. ज्याला कापायची कुणाची हिंमत नाही, अशाला चिकटून उभी राहा.

तुझा,
ढब्बू


३१ जानेवारी

चि. ढब्बू,

तुझा सल्ला मानला. काय बहार झाली म्हणून सांगू!

बाजाररस्त्याच्या डांबरीकरणाचं उद्घाटन होतं. मी दुकानातून तशीच गेले आणि भाऊंना जाऊन चिकटले. ते एक पाऊल सरकले, मी एक पाऊल सरकले. ते हळूच म्हणाले, "ताई, जरा फोटो चाललाय." मी म्हटलं, "भाऊ, रस्ता सगळ्यांचा आहे ना?" फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मी नाही. कापलं मला! पण कापणाऱ्याचा हात चुकला. भाऊंच्या शेजारी नुसता माझा खांदा उरलाय. मान नाही, डोकं नाही, अधांतरी एक खांदा. आणि खाली ओळ: 'जनतेच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले भाऊ'.

कामात असले की गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे बिल्ले मी खांद्याला टाचून ठेवते, तुला माहीत आहे. तर त्या जनतेच्या खांद्यावर बिल्ला आहे, २१७. अगदी ठसठशीत. गावात कोण आहे ज्याने माझा बिल्ला बघितला नाही? दुपारपर्यंत दुकानापुढे गर्दी. न्हावी म्हणतो, "भाऊंनी जनता धुवायला टाकली, पावती तेवढी हरवली." २१७ नंबरची चादर आपल्या दंतवैद्याची. तो बिचारा दारोदार सांगत फिरतोय, की चादर माझी असली तरी भाऊंना माझा पाठिंबा नाही. परवापर्यंत जी माणसं मला बघून रस्ता बदलत होती, ती आता "काय खांदेताई!" म्हणून थांबतात.

आता मुद्द्याचं. क्रीडा पानावर बसणाऱ्याला माझे नऊ फोटो दिसले कसे? वृत्तसंपादक काय म्हणाले ते ऐकू कसं आलं? आणि त्या दिवट्याच्या ओठांवर काय आलं होतं, ते तुला कुणी सांगितलं?

खळ भिजत घातली आहे.

आत्या


४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सदरा आणून देतो. कॉलर तुझ्या हवाली.

होय, पान चार मीच लावतो. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, कारण तू 'चार ओळी' मागितल्यास आणि त्या कशा छापून येणार हे मला तेव्हाच दिसत होतं. वाटलं, निदान हे माझ्या हातून झालं असं तुला कळू नये.

पण खांदा चुकून राहिलेला नाही. मला "ती बाई काढून टाक" असा हुकूम होता. मी काढली. 'बाई' एवढंच म्हणाले होते, खांद्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पान बघून वृत्तसंपादक खेकसले, "हा खांदा कुणाचा?" म्हटलं, "साहेब, जनतेचा." मला वाटलं, संपलो. तर ते खूश! "वा! फोटोओळीत घे हेच." स्वतः उभं राहून ती ओळ त्यांनी मला सांगितली. बिल्ला त्यांना दिसला नाही, त्यांचा चष्मा डोक्यावर होता.

आता मालकांना कुणीतरी सगळं सांगितलंय. मला बोलावून एवढंच विचारलं, "तुझी कोण लागते ती?" मी म्हटलं, "आत्या." ते म्हणाले, "मग सांभाळून." आवाज गोड होता म्हणून जास्त भीती वाटली.

आत्या, मी नोकरी सोडू का?

ढब्बू


८ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

सोडू का म्हणे! बाळीला काय बातम्या खाऊ घालणार आहेस? मुकाट्याने जा आणि पान लाव.

रागावले होते, लपवत नाही. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी घेतलं ते शिवी जोडून. मग दुकानात उभी असताना वाटलं, माझ्याकडे भाऊंचेही कपडे येतात की. मी त्यांच्या पांढऱ्या शर्टावरचा डाग काढतेच ना? ठेवते का मुद्दाम? तुझ्या नवव्या फोटोबद्दल म्हणूनच जास्त बोलत नाही. पण नीट ऐक. मला मोठं करू नकोस, वर चढवू नकोस, आभाळ देऊ नकोस. मला माझ्या मापाची ठेव. आणि मला खोटं लिहू नकोस. बाकी मी बघते.

परवा माझी सभा झाली. पाचची वेळ होती. तुमचा फोटोवाला साडेचारला येऊन रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून गेला. 'सभेकडे नागरिकांची पाठ'. पाठ कुठली? लोक अजून घरून निघायचे होते! पण तो रिकाम्या खुर्च्या टिपत असताना एकीवर आमच्या न्हाव्याची म्हातारी सासू शेंगा सोलत बसली होती, ती छापून आली. आता ती सगळ्यांना पेपर दाखवत फिरते आणि म्हणते, मी एकटी असले तरी सभा झाली. तिच्या घरात सहा मतं आहेत.

आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

ही चिठ्ठी टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून पेपरच्या गाडीच्या चालकाकडे देतोय. गठ्ठ्यांबरोबर तुझ्या हातात पडेल.

उद्याच्या पान चारवर, वरच, पाच कॉलम, ठळक मथळा: 'इस्त्रीवालीची माघार? भाऊंना पाठिंब्याची चर्चा'. खाली सहा ओळी. 'सूत्रांनी सांगितले', 'समजते', 'बोलले जाते'. मी विचारलं, कोण बोलतं? वृत्तसंपादक म्हणाले, "प्रश्नचिन्ह आहे ना? मग आपण कुठे काही म्हटलं?" परवा मतदान. खुलासा छापायचा तर तो मतदानानंतरच येणार.

मी बाकीचं सगळं पान लावलं आणि ती पाच कॉलमची जागा कोरी ठेवून उठलो. "हे माझ्याकडून होणार नाही" एवढंच म्हणालो. शेजारच्याने जागा भरली. त्याला दोष देत नाही, त्याच्याही घरी मुलं आहेत.

उद्या मला कामावर घेतील असं वाटत नाही. तू काय करता येईल ते कर.

ढब्बू


१८ फेब्रुवारी

चि. ढब्बू यास खूप खूप आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली तेव्हा गठ्ठे नुकतेच उतरले होते. मी पेपर उघडून मथळा बघितला. कुठे कुठे जाऊन सांगणार? कुणाकुणाला? तिथे आपला पेपरवाला सायकलला पिशव्या बांधत होता. त्याच्याकडे बघता बघता सुचलं. मी म्हटलं, "आज तू नुसती सायकल धर. पेपर मी टाकते."

माझ्या माघारीची बातमी मी स्वतः घरोघर पोचवली, ढब्बू! बेल वाजवायची, पेपर हातात द्यायचा आणि म्हणायचं, "पान चार आधी वाचा. मी पळाले म्हणतायत." एका आजोबांनी मथळा वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मथळा वाचला आणि विचारलं, "मग तुम्ही कोण?" दंतवैद्य तोंडात ब्रश धरूनच हसला, माझ्या अंगावर फेस उडाला. निम्म्या गल्लीनंतर दोघी-तिघी बायका आपणहून गठ्ठे उचलून माझ्यामागे निघाल्या. त्यातली एक तीच, मोजेवाली.

भाऊंच्या घरीही टाकला. भाऊंनीच दार उघडलं, बनियनवर. मी म्हटलं, "घ्या भाऊ. मी तुम्हाला पाठिंबा दिलाय म्हणे. तुम्हाला तरी ठाऊक होतं का?" भाऊ इतके गडबडले की म्हणाले, "या, बसा." आतून त्यांची बायको मोठ्याने हसली. ते हसणं मी जन्मात विसरणार नाही.

निकाल तुला कळलाच असेल. एकतीस मतांनी मी आले. तुमच्या पेपरचा मथळा मात्र 'भाऊंचा निसटता पराभव'. कुणी केला, ते सातव्या परिच्छेदात.

तुझं काय झालं, ते कळव. आणि माझं एक काम आहे. दर महिन्याला प्रभागाचं पत्रक काढायचं म्हणते, एकाच पानाचं. तू लावून दे. मजकूर सोबत आहे. फोटो चांगला मोठा घे, जरा खालून काढलेला आहे.

तुझी,
नगरसेविका आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी माझं सांगतो. त्यांनी मला काढलं. आठवडाभर घरी बसलो, बाळ कडेवर घेऊन फिरलो. सोमवारपासून शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात लागलोय. भूगोल लावतो. इथे नदीला कुठल्या बाजूने वाहायचं ते कुणी मागे उभं राहून सांगत नाही. पगार थोडा कमी आहे, झोप मात्र पूर्ण होते.

आता तुझं पत्रक. आत्या, काय लिहिलंयस हे? 'जुलमी राजवटीचा अंत'? भाऊंनी 'झोपा काढल्या', भाऊ 'बरळले', भाऊंचे 'पित्ते'. आणि तू? 'लाडक्या', 'लढवय्या', 'कार्यसम्राज्ञी'! फोटोत तुझ्यामागे पाण्याची टाकी, तारा आणि अख्खं आभाळ. हा कुणी काढला, न्हाव्याने? त्याला गटारात उतरवलंस?

मी लावून देतो, पण माझ्या अटींवर. भाऊ 'म्हणाले', आत्या 'म्हणाल्या'. दोघांनाही एकच क्रियापद. तुझा फोटो अंगठ्याएवढा. आणि पहिली बातमी तुझ्या विजयाची नाही, शौचालय कधी होणार त्याची. तारीख दे. तारीख नसेल तर 'तारीख ठरलेली नाही' असं छापेन, मोठ्या अक्षरात.

राग आला तर खळीची बादली आहेच.

तुझा,
ढब्बू


२० एप्रिल

चि. ढब्बू,

राग आला होता. बरेच दिवस टिकला. 'तारीख ठरलेली नाही' एवढ्या ठळक अक्षरात छापून आलं आणि गावभर लागलं. ज्याला त्याला तेच विचारायचं होतं. शेवटी नुसत्या लाजेने मी पालिकेच्या कचेरीत जाऊन ठाण मांडलं. बाजाराच्या कोपऱ्यातली जुनी सामानाची खोली मोकळी करून घेतली, नळ आणले, दारं बसवली. मागणीच्या अर्जावर भाऊंचीही सही आणली. ते आता पालिकेत लोकांच्या बाकावर बसतात आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात. विचारू देत.

काल उद्घाटन झालं. खरं सांगायचं तर मी नटले होते. फीत बांधली, कात्री आणली, भाषण पाठ केलं, न्हाव्याला कॅमेरा घेऊन उभं केलं. भाऊही आले होते, कडेला उभे होते. मी कात्री उचलली आणि म्हटलं, "आजचा हा ऐतिहासिक..."

तेवढ्यात गर्दीतून एक बाई घुसली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, कपाळावर घाम. कुठल्या गावची कोण जाणे, मी कधी बघितली नव्हती. "ताई, इतिहास मागाहून, आधी वाट सोडा," म्हणाली. एक पिशवी माझ्या हातात दिली, दुसरी भाऊंच्या, फितीखालून वाकून आत गेली आणि कडी घातली.

भाऊ माझ्याकडे बघतात, मी भाऊंकडे. दोघांच्या हातांत भाजी. मग गर्दीत कुणीतरी फुटलं आणि अख्खा बाजार हसला. भाऊसुद्धा. भाषण राहूनच गेलं. ती बाहेर आली, पिशव्या घेतल्या, "पाणी येतंय हं नळाला," एवढं म्हणाली आणि बस गाठायला पळाली. नाव विचारायचंही राहून गेलं.

फोटो सोबत पाठवते. न्हावी नेमका तेव्हाच जागा झाला होता. त्यात मी नाही, भाऊ नाहीत, फीतही नीट दिसत नाही. फक्त बंद दार आहे.

तोच घे. पाच कॉलम. मथळा तू दे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह नको.

तुझी,
आत्या